या चुका टाळा: गोठा घरचा, चुकाही घरच्याच

दर रविवारी इंदूरची कोणी ना कोणी मंडळी सिमरोळकडे जाताना आमच्या फाटकाशी गाडी लावतात. "काकू, आम्हीपण तीन बिघे घेतलेत. एक गाय, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या. मुलं मातीत वाढली पाहिजेत ना!" चहा होतो. मग मी एकच विचारते, संध्याकाळी साडेपाचला घरी कोण असतं? इथे सगळे एकमेकांकडे बघतात.

चारा कोणता, जात कोणती, शेड केवढी, हे महिन्याभरात कळतं. इतक्या वर्षांत आमच्याकडे जे जे बिघडलं ते बहुतेक घरच्याच माणसांनी बिघडवलं, आणि तेही प्रेमाने.

"थोडंसंच दिलंय"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

वैशाखात पुतण्याची मुंज शेतावरच केली. दीडशे पानं उठली. दुपारी सासूबाईंनी नैवेद्याच्या पुऱ्या गूळ लावून चंद्रीला दिल्या, गाईला नैवेद्य नको का? जावेच्या मुलींनी जिलब्या भरवल्या आणि फोटो काढले. आचाऱ्याच्या माणसाला पातेलं घासायचं होतं, त्याने उरलेला मसालेभात सरळ गव्हाणीत उलटला. "गोमाता है, खा लेगी." आणि दिवेलागणीला आमच्या ह्यांना वाटलं, दिवसभर पाहुण्यांच्या गडबडीत बिचारी उपाशीच असेल. त्यांनी टोपलंभर दलिया ठेवला. प्रत्येकाने "थोडंसंच" दिलं होतं. बेरीज कुणी केली नाही.

सकाळी गाय मान लांब करून उभी. रवंथ बंद, दात करकर खातेय, शेण पातळ आणि त्याला ताकासारखा आंबूस वास. शेजारचे दाजी म्हणाले गॅस आहे, तेल पाजा. पाजलं. त्यात चार तास गेले. डॉक्टर आले, त्यांनी डाव्या कुशीत मूठ दाबली तर ती कणकेत जावी तशी आत गेली. आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज येत होता.

तो गॅस नव्हताच. गाईच्या पोटातले जंतू चारा आणि भुसा पचवायला सरावलेले असतात. एकदम भात, पोळ्या, गोड, दाणा पडला की तिथे आम्ल तयार व्हायला लागतं, चारा पचवणारे जंतू मरतात आणि ते आम्ल शरीरातलं पाणी पोटात ओढून घेतं. म्हणून पोट पाण्याने डुचमळतं आणि गाय मात्र आतून कोरडी पडते, डोळे खोल जातात. नळी घालून खाण्याचा सोडा, शिरेतून सलाइन, असे तीन दिवस. सात लिटरची गाय दोनवर आली. दूध परत आलं, पण दीड महिन्याने ती निखाऱ्यावर चालल्यासारखी पाऊल टाकायला लागली. आम्ल खुरांपर्यंत पोचतं हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून दाण्याच्या पिंपाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. दाणा बदलायचा झाला तर आठ-दहा दिवस घेऊन, मूठमूठ वाढवत. घरात कार्य असलं की गोठ्याचं दार बंद आणि बाहेर घरचंच एक माणूस, मग पाहुण्यांना कितीही वाईट वाटो. शहरातले लोक गाडीच्या डिकीतून शिळ्या पोळ्यांची पिशवी काढतात तेव्हा मी हसून घेते, आणि त्या पोळ्या वाळवून हिशेबाने कोंबड्यांना कुस्करून जातात.

एक सवय लावून घ्या, फुकटची आहे. रोज संध्याकाळी डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ टेकवून दोन मिनिटं उभं राहायचं. पोट दोन-तीनदा तरी वर उचललं जातं, हाताला ढकलतं. उचललं नाही तर पुढचा घोटाळा दिसायच्या आधीच तुम्हाला कळलेला असतो. हे नव्यांना सांगितलं की ते विचारतात, यासाठी एखादं यंत्र मिळतं का?

नळकांड्याने पाजणं

जनावराची जीभ ओढून, तोंड आभाळाकडे करून तेल ओतू नका. त्यातलं काही फुप्फुसात जाऊ शकतं. पोटफुगीतून वाचलेलं जनावर न्यूमोनियाने गेलेलं मी पाहिलंय.

खरवसाची घाई

गाय व्यायली की सगळ्या आळीला आधी खरवस आठवतो. आमची सुदामा नगरची आत्या तर डबा घेऊनच येते. शिवाय जुनी समजूत, वार (व्यायल्यावर मागून पडणारी झिल्ली) पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही. साफ चूक. वासराच्या अंगात जन्मतः रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसतेच, ती चिकातून येते, आणि त्याच्या आतड्याची ती घ्यायची खिडकी तासागणिक बंद होत जाते, एका दिवसात बंदच. पहिल्या दोन तासांत पाजा. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर तरी हवा, तोही तीन-चार वेळा मिळून. उलट आचळाला तोंड लागलं की वार पडायलाही मदतच होते. वासराचं पोट भरून उरला तर खरवस. आत्याला मी तिसऱ्या दिवशी बोलावते.

"मला वाटलं तू लावली असशील"

अनंत चौदसची रात्र. इंदूरच्या माणसाला त्या रात्री घरी बसवत नाही, झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला सगळे शहरात. आम्ही पहाटे चारला परतलो. खुराड्याच्या दाराची कडी कुणीच लावली नव्हती. दिराला वाटलं मी, मला वाटलं मुलाने, मुलाला वाटलं रोजच्यासारखी आजीने. आजी तर दुपारीच मुलीकडे गेली होती. उदमांजर किंवा रानमांजर असावं. बावीसपैकी सतरा कोंबड्या मारल्या, खाल्ल्या फक्त दोन. धाकटी लेक पिसं गोळा करत बसली, शाळेत गेली नाही.

यावर मुलाने तोड काढली, व्हॉट्सअ‍ॅपवर घरचा ग्रुप. फोन घरात, कोंबड्या बाहेर, आणि ग्रुपवर दिवसभर सुप्रभात. शेवटी मी गोठ्याच्या खांबाला पाटी टांगली, खालच्या डब्यात खडू. ज्याने काही दिलं, कडी लावली, दूध काढलं, त्याने लिहायचं. सासूबाईंनी पहिले आठ दिवस रुसून काही लिहिलं नाही. आता "अर्धी पोळी, चंद्री" असं लिहून खाली सहीसुद्धा करतात.

जाळीचंही बघा. बाजारात मिळणारी षट्कोनी जाळी कोंबडी आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि ती जमिनीत वीतभर पुरा.

कडकनाथचं वेड

झाबुआच्या कडकनाथ या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून प्रत्येक फार्महाऊसवर चार काळे कोंबडे हवेच असतात. "देशी आहे, लस लागत नाही" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, तो जात विचारून येत नाही. पहिल्या आठवड्यातच त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात पडला पाहिजे. आणि पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर गार आहे, कडेला पळून चोच उघडत असतील तर गरम. थर्मामीटर नंतर आणा.

बाकीच्या, एका दमात

एकटी शेळी आणू नका, रात्रभर ओरडेल आणि शेजारी तुम्हाला शिव्या घालतील. हाटातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, मग ते कितीही गोजिरवाणं असो. थंडीत दवाने भिजलेली बरसीम (हिरवा चारा) उपाशीपोटी घालू नका, आधी भुसा. पावसाने ओढ दिली की गुडघ्याएवढी खुरटलेली ज्वारी गाईपुढे टाकू नका, ती विष आहे. किराळ (या ज्वारीची विषबाधा) लागलं की डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळत नाही. गाईला घटसर्पाची लस पावसाच्या आधी, शेळ्यांना पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची.

बोकडाला मुलांना नाव ठेवू देऊ नका, किंवा मग विकू नका. आमचा "बाजीराव" सात वर्षांचा आहे, काहीही कामाचा नाही.

फोन करताना

मध्य प्रदेशात १९६२ वर फोन केला की जनावरांच्या डॉक्टरची गाडी येते, आणि महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे आपण वाळवंटात राहत नाही. पण फोन गाय आडवी पडल्यावर करू नका, रवंथ थांबल्यावर करा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "खाया क्या था?" मुंजीच्या दुसऱ्या दिवशी या प्रश्नावर आमच्या अंगणात अकरा माणसं गप्प उभी होती. आता मी पाटी खुंटीवरून काढते आणि वाचून दाखवते.