आधी वरातीच्या बँडवाल्यांना भेटा

परभणीत ‘आमचा बँड आहे’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, ‘वरातीचं किती घेता?’ पहिली दोन वर्षं या प्रश्नाचा आम्हाला राग यायचा. आम्ही रॉक वाजवतो, स्वतःची गाणी करतो, हे सांगून सांगून दम जायचा. आज नऊ वर्षांनी गावात नवा बँड काढणाऱ्या पोरापोरींना मी सगळ्यात आधी सांगतो, की आपल्या गावातल्या वरातीच्या बँडच्या मास्तरांना जाऊन भेटा. बँड चालवायचा कसा, हे आपल्याकडं त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आमचा सराव एका जिनिंगच्या गोदामात चालायचा. बास गिटारवाल्याच्या मामांची ओळख होती म्हणून जागा फुकट मिळाली. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की चारी बाजूंनी गाठींची थप्पी लागायची आणि मधल्या जागेत ड्रमचा एकेक ठोका सुटा ऐकू यायचा. उन्हाळ्यात माल उचलला गेला की तेच गोदाम घुमायला लागायचं. पत्र्यावरून आवाज परत यायचा आणि कोण चुकलं तेच कळायचं नाही. तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. खोलीतला घुमारा कमी करायचा तर जाड वाकळा, जुन्या गाद्या भिंतीपासून वीतभर पुढं टांगा. पण आवाज बाहेर जायला नको असेल तर जड भिंत लागते आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. अंड्याचे ट्रे चिकटवून शेजाऱ्यांची तक्रार मिटत नाही, आम्ही तेही करून बघितलंय.

शेजारच्या गाळ्यात वरातीच्या एका टोळीचं सामान असायचं. त्यांचे मास्तर एकदा दारात उभं राहून अख्खं गाणं ऐकून गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘बाबू, लई जोरात वाजवायलाव. पण गाणाऱ्याला दम कुठं घेऊ देताव?’ त्या दिवशी मी पहिल्या कडव्यातली गिटार पूर्ण काढून टाकली. ते गाणं आजही तसंच वाजतं, आणि आमच्या गाण्यांपैकी लोकांच्या तोंडी बसलेलं तेवढंच आहे.

पैशाचं तर सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. आमचा पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या गॅदरिंगचा. तोंडी ८,००० ठरले होते. चार महिने फोन करून ३,००० हातात आले. मास्तरांनी त्यांची वही दाखवली. सुपारी घेतानाच तारीख, जागा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, माणसं किती आणि इसार किती, हे सगळं लिहिलेलं. इसार नाही तर तारीख नाही. आता आम्हीही निम्मे पैसे आधी घेतो आणि बाकीचे स्टेजवर चढायच्या आधी. ड्रमकिट कुणाचं, माइक किती, जनरेटर आहे का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घेतो. बिदागीचे पाच वाटे करतो. माणसं चार, पाचवा वाटा बँडचा. तारा, ड्रमची कातडी, छोटा हत्तीचं भाडं त्यातून निघतं. हा पाचवा वाटा पहिल्याच कार्यक्रमापासून काढा. आमच्याकडं तो नव्हता तेव्हा फाटलेल्या कातड्याचे पैसे कुणी द्यायचे यावरून आमचा पहिला ड्रमर सोडून गेला, आणि त्याच्याइतका चांगला हात मी अजून ऐकलेला नाही.

विजेचं मात्र मास्तरांना विचारून भागत नाही, त्यांना ॲम्प्लिफायरशी काम पडत नाही. तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात आमच्या गाणाऱ्या पोरीनं, हातात गिटार असताना, माइकला ओठ लावले आणि ती मागं फेकली गेली. गिटारचा ॲम्प एका बोर्डवर, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या बोर्डवर आणि अर्थिंग धड नाही. ओठ भाजला होता, पुढचे पंधरा दिवस ती माइकजवळ येईना. तेव्हापासून पिशवीत मल्टीमीटर असतो. एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. नाही दिसला तर आयोजक कितीही घाई करोत, वायरमन येईपर्यंत वाजवायचं नाही. माझा हा एवढाच सल्ला तुम्ही ऐकलात तरी चालेल.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. सणावाराला काही दिवस १२ पर्यंत सूट मिळते. परवानगीची प्रत आयोजकाकडून मागून स्वतःच्या खिशात ठेवा, आणि तुमचं सगळ्यात चांगलं गाणं साडेनऊच्या आत वाजवा.

कॉलेजात आम्ही इंग्रजी गाणी वाजवायचो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगायनाचा प्रकार असतो, तिथूनच सुरुवात झाली. पण गावात ती गाणी लोक पाच मिनिटं ऐकायचे आणि उठायचे. आपले लोक दर्दी नाहीत असं आम्ही म्हणायचो, आणि ते साफ चूक होतं. इथल्या उरुसात लोक रात्र रात्र बसून कव्वाली ऐकतात. मग आम्ही आमच्या बोलीत लिहायला लागलो. नव्या ड्रमरनं गोंधळ्यांच्या मागं फिरून संबळेचे बोल उचलले आणि ड्रमकिटमधल्या टॉम्सवर बसवले. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणून जनाबाईंचा एक अभंग घेतला. इथं एक बारकावा आहे. संतांचे शब्द सगळ्यांचे, पण आपल्या कानात बसलेली चाल बहुतेक वेळा कुण्या अलीकडच्या संगीतकाराची असते. कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे चाल स्वतःची बांधा.

आणि शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे गाणं पूर्ण होईल त्याच रात्री कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कायद्यानं पक्का झालाय, आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, १९६९ पासून असलेल्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद होता येतं. पैसे आज थोडे येतील. पण चार वर्षांनी ‘ती ओळ माझी होती’ हे भांडण फार वाईट असतं.

पोटापाण्याचं खरं सांगायचं तर आमच्यातलं कुणीच नुसत्या बँडवर जगत नाही. मी गिटारच्या शिकवण्या घेतो, बासवाला शाळांच्या गॅदरिंगचा साउंड बघतो. मुंबईला जायचं असलं की रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडतो. स्नेअर, पेडल आणि झांजा तेवढ्या बरोबर, बाकी किट तिथं भाड्यानं. वर्षातून दोन-तीनदा. बाकी सगळं मराठवाड्यातच, आणि आता त्याचं वाईट वाटत नाही.

सध्या मास्तरांच्या टोळीतला ट्रम्पेटवाला आमच्याबरोबर जनाबाईंच्या अभंगात वाजवतोय. आमचं गाणं ई या पट्टीत होतं. त्याचं वाद्य बी फ्लॅटचं, त्यावर आमच्यापेक्षा दोन पडदे वरची पट्टी धरावी लागते, म्हणजे त्याला एफ शार्प मध्ये वाजवावं लागायचं आणि बोटं अडखळायची. दोन सराव वाया गेले, मग मी गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावला. गाणं एफ वर गेलं, त्याला जी मिळाला. डोळे मिटून त्यानं पहिल्यांदा पूर्ण ओळ वाजवली तेव्हा मास्तर दारातच उभे होते.