लग्नाच्या वाढदिवसाला पॅरिस-इटलीला निघालात? या चुका टाळा

लग्नाच्या वाढदिवसाच्या ट्रिपची खरी अडचण म्हणजे तिच्यात एक तारीख अडकलेली असते. एरवी फिरायला गेल्यावर एखादं म्युझियम बंद निघालं तर उद्या बघू म्हणता येतं, पण ही तारीख काही उद्यावर ढकलता येत नाही, आणि नेमकी त्याच दिवशी बॅग आलेली नसते, नाहीतर फ्लाइट लेट होते, नाहीतर एकाचा पाय सुजलेला असतो. आम्ही पॅरिस, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम असं करून आलो, तेव्हापासून ओळखीतलं कोणी निघालं की मी दोनच गोष्टी कळकळीने सांगते: तो दिवस ट्रिपच्या मधे येऊ द्या आणि महत्त्वाची प्रत्येक गोष्ट दोघांत वाटून ठेवा. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका या दोनपैकी एक न केल्याने होतात.

वाढदिवसाच्या दिवशीच पोचायचं ठरवणं

सकाळी उतरायचं आणि लगेच सेलिब्रेशन, असा प्लॅन ऐकायला छान वाटतो पण करू नका. रात्रभर विमानात बसून, इमिग्रेशनची रांग लावून तुम्ही सकाळी नऊला हॉटेलवर पोचता आणि रूम मात्र दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, मग बॅगा रिसेप्शनला ठेवून दोघंही डोळे चोळत रस्त्यावर. शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे जेवायला आठ वाजता बसलात तरी शरीराच्या हिशोबाने मध्यरात्र होत आलेली असते. तारीख तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी येईल अशी तिकिटं बघा. आणि मध्यरात्रीनंतरच्या फ्लाइटची तारीख दोघांनीही वेगवेगळी वाचा, १४ तारखेची ००:३५ ची फ्लाइट म्हणजे एअरपोर्टला १३ च्या रात्री जायचं असतं.

सूर्यास्ताचंही तसंच. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये पाचच्या आतच. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चमचमतो, तो बघत जेवायचं म्हणून जूनमध्ये सातचं टेबल घेतलंत तर बिल देऊन बाहेर पडाल तरी लख्ख उजेड असेल. आधी त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ बघा, मग टेबल बुक करा.

पूर्ण ट्रिपच सरप्राइज ठेवणं

शेंगेन व्हिसाला (फ्रान्स-इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) हे चालतच नाही. अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, बोटांचे ठसे लागतात, बँक स्टेटमेंट लागतं. त्यामुळे ट्रिप सांगून टाका आणि सरप्राइज ट्रिपच्या आत ठेवा, एखादी बोटीतली संध्याकाळ किंवा खिडकीतून कालवा दिसेल अशी रूम. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असले तरी ते ४५ पर्यंत लांबू शकतात, शिवाय उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे मुक्कामाच्या रात्री मोजून ठरवा, जिथे जास्त मुक्काम तो देश, सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा हवा. व्हिसा हातात आला की तिथेच उभं राहून दोघांचीही नावं, तारखा आणि किती दिवसांचा दिलाय ते वाचा.

नावाचा एक घोळ जोडप्यांच्या बाबतीत हमखास होतो. तिकीट नवऱ्याच्या आडनावाने आणि पासपोर्ट अजून माहेरच्या. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव पाहिजे, घरात काय म्हणतात त्याच्याशी एअरलाइनला घेणंदेणं नाही. फरक दिसला की त्याच दिवशी फोन करून दुरुस्त करून घ्या, निघायच्या दिवशी काउंटरवर ते होईलच असं नाही. आणि शक्यतो दोघांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा, कारण फ्लाइट रद्द झाली तर सिस्टीम वेगवेगळ्या बुकिंगच्या माणसांना खुशाल वेगवेगळ्या विमानात बसवते.

एकाची एक बॅग, दुसऱ्याची दुसरी

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रोमच्या एअरपोर्टवर पट्टा फिरून फिरून थांबला आणि आमची एकच बॅग आली होती, दुसरी मधल्या एअरपोर्टवर राहिली होती. आमचे दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे अर्धे भरलेले होते म्हणून दोघांनाही घालायला होतं, नाहीतर एक जण नटूनथटून आणि दुसरा प्रवासातल्या कपड्यांवरच वाढदिवसाच्या जेवणाला, आणि त्यावरून जी चिडचिड होते ती पूर्ण ट्रिपभर पुरते. त्यामुळे कपडे मिसळून भरा, आणि त्या खास दिवशी घालायचे दोघांचे कपडे, औषधं, चष्मा, दागिने, चार्जर हे केबिन बॅगमध्येच. पॉवर बँक तर केबिन बॅगमध्येच ठेवावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही. बॅग देण्याआधी बंद बॅगेचा आणि उघड्या बॅगेचा फोटो काढून ठेवा.

बॅग आली नाही तर एअरपोर्टच्या बाहेर पडू नका, हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजा. आधी हॉटेल गाठू मग बघू, असं दमलेला माणूस म्हणतोच. बॅगेज काउंटरवर जाऊन पीआयआर नावाचा, बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म भरून घ्या, त्याचा रेफरन्स नंबर घ्या, आणि पुढच्या सगळ्या मुक्कामांचे पत्ते तारखांसकट द्या, कारण तुम्ही दोन दिवसांत फ्लॉरेन्सला जाणार असाल तर बॅग तुमच्यामागे रोमला येऊन काय उपयोग. मधल्या काळात गरजेचं जे घ्याल, टूथब्रशपासून शर्टापर्यंत, त्याच्या पावत्या जपा, ते पैसे मागता येतात. विमान प्रवासाबद्दलच्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात मुदती ठरलेल्या आहेत: बॅग फुटली-तुटली असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, आणि २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून पूर्ण भरपाई मागता येते, अर्थात ठराविक मर्यादेपर्यंत.

फ्लाइट लेट झाली तर नुसतं बसून राहणं

युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे तिथल्या एअरपोर्टवरून निघणारी कुठलीही फ्लाइट, आणि तिथल्या एअरलाइनने तिकडे जाणारी, तीन तास किंवा जास्त उशिरा पोचली तर अंतराप्रमाणे माणशी २५० ते ६०० युरो भरपाई मिळू शकते. वादळ किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलचा संप असं काही कारण असेल तर ही रक्कम मिळत नाही, पण बराच वेळ अडकलात तर खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल हे तेव्हाही एअरलाइननेच द्यायचं असतं. रांगेत एकाने उभं राहा, दुसऱ्याने त्याच वेळी ॲपवर आणि फोनवर प्रयत्न करा, जो आधी पोचेल त्याचं घ्या. दोघं असण्याचा एवढा उपयोग दुसरीकडे कुठेच होत नाही. बोर्डिंग पास फेकू नका, उशिराचं कारण काउंटरवरून लेखी मागा.

इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल अंतराच्या ठराविक गाड्या सोडतात, तेव्हा निघायची वेळ तशी बदला. रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, तिकीट खिशात असूनही दंड बसतो तो यामुळेच. व्हेनिसला उतरताना व्हेनेझिया मेस्त्रे आणि व्हेनेझिया सांता लुचिया ही दोन स्टेशनं आहेत, मेस्त्रे खाडीच्या अलीकडे, पाण्यातलं व्हेनिस म्हणजे सांता लुचिया. हॉटेल स्वस्त दिसलं की आधी ते कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर बघा, कारण वाढदिवसाच्या रात्री शेवटची ट्रेन पकडायला कोणालाही पळायचं नसतं.

बंद वार न बघणं

पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं. ऑर्से म्युझियम आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, फ्लॉरेन्सची उफीझी गॅलरी आणि मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादमिया गॅलरीही सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट उघडतं पण तेव्हाची गर्दी बघता मी तरी कोणाला जा म्हणणार नाही. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं साधारण दोन महिने आधी सुटतात आणि संपतात. मिळाली नाहीत तर खचून जाऊ नका, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढून जाता येतं आणि ते तिकीट मिळायला सोपं असतं, गुडघे साथ देत असतील तर मजाही येते. रोमच्या कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, दोघांचेही ओळखपत्र जवळ हवं. व्हॅटिकनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांनाही, तेव्हा फोटोसाठी घेतलेला बिनबाह्यांचा ड्रेस त्या दिवशी नको किंवा सोबत स्टोल ठेवा. पॅरिसचं नोत्र दाम चर्च २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ ला परत उघडलं, आत जाणं फुकट आहे, कोणी प्रवेशाचं तिकीट म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

आणि एका दिवसात सहा जागा कोंबू नका ना! सकाळी एक मोठी जागा, दुपारी आराम, संध्याकाळी चालणं, एवढं पुरे. जोडप्यांची भांडणं बहुतेक दुपारी तीनला होतात, पोटात काही नसताना आणि पाय दुखत असताना.

रोमँटिक म्हणून केलेल्या आणि दंड बसणाऱ्या गोष्टी

पुलाला कुलूप लावून चावी नदीत टाकायची हौस असेल तर सोडून द्या. पॅरिसच्या पाँ देझार पुलाच्या कठड्याचा भाग २०१४ मध्ये कुलपांच्या वजनाने कोसळला आणि २०१५ मध्ये सगळी कुलपं काढून टाकली, व्हेनिसमध्येही कुलूप लावताना सापडलात तर दंड होतो. रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, आणि त्रेवी फाउंटनमध्ये नाणं टाका पण पाय घालू नका. (ती नाणी गोळा करून धर्मादाय कामाला देतात, त्यामुळे टाकताना हात आखडता घेऊ नका.)

व्हेनिसच्या कालव्यांतल्या गोंडोल्याबद्दल, म्हणजे वल्ह्याच्या लांबट होडीबद्दल, लोक खूप फसतात. २०२३ च्या अखेरीस व्हेनिस पालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० असा आहे, आणि तो माणशी नाही, संपूर्ण गोंडोल्याचा आहे. तेव्हा दोघांचे मिळून डबल कोणी मागितले तर पुढच्या घाटावर जा. बसण्याआधी वेळ आणि पैसे दोन्ही बोलून घ्या, गाणारा हवा असेल तर त्याचे वेगळे. सूर्यास्ताला जायचं असेल तर छोट्या कालव्यातून ने म्हणावं, मोठ्या कालव्यात मोटरबोटींच्या लाटांनी निवांतपणा राहत नाही. व्हेनिसमध्ये काही ठराविक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश फी घेतात, मुक्कामाला असाल तर ती भरावी लागत नाही पण माफीची नोंद ऑनलाइन करून ठेवा.

सगळं एकाच फोनमध्ये, एकाच पाकिटात

एकाच्या फोनमध्ये तिकिटं, हॉटेल, बँक, नकाशा सगळं, आणि तो फोन मेट्रोत गेला की दोघंही हतबल. प्रत्येक गोष्ट दोन्ही फोनमध्ये ठेवा, ऑफलाइन. कार्डं दोन वेगवेगळ्या बँकांची घ्या आणि एक-एक जवळ ठेवा. ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग चालू आहे का ते निघायच्या आधी तपासा, नाहीतर कार्ड चालू असूनही पेमेंट होत नाही. मशीनने रुपयांत की युरोत असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांत घेतलं की त्यांचा दर लागतो आणि तो वाईट असतो. पॅरिसमध्ये साक्रे कोर चर्चच्या पायऱ्यांजवळ मनगटाला दोरा बांधायला येतात, हात मागे घ्या आणि चालत राहा. गर्दीत एक जण मेट्रोत चढला आणि दुसरा राहिला तर चढलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

पासपोर्टच गेला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास, पॅरिस आणि रोम दोन्हीकडे आहे, मिलानला कॉन्सुलेट. घाईत परत यायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं पण ते फक्त घरी परतण्यापुरतं, त्यावर पुढची ट्रिप होत नाही. पासपोर्टचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो एकमेकांच्या फोनमध्ये असेल तर हे काम बरंच लवकर उरकतं. कुठलीही इमर्जन्सी असली तर ११२.

राहता राहिली खरेदी. एकमेकांना भेट म्हणून काही महाग घेतलं असेल, फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोच्या वर किंवा इटलीत ७० च्या वर, तर टॅक्स परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या, ज्याच्या नावाने फॉर्म त्यानेच कस्टम्सला जायचं असतं. युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना शेवटच्या एअरपोर्टवर हे होतं आणि वस्तू दाखवायला सांगू शकतात, त्यामुळे पर्स किंवा घड्याळ असलेली बॅग चेक-इनला द्यायच्या आधी कस्टम्सचं काम उरका आणि त्यासाठी एअरपोर्टवर तासभर जास्त धरून निघा.