पाळी बदलते तिथेच टीम तुटते: सुपरवायझरांनो, या चुका टाळा

दुपारी तीनला पहिली पाळी सुटते. हात धुऊन, पंचिंग करून माणसं बसकडे धावतात आणि दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर मशिनपुढे येऊन उभा राहतो. त्याला काही सांगायला कुणी थांबलेलं नसतं. इन्सर्ट (कापणारं टोक) कधी बदलला, ऑफसेट (मापासाठी मशिनला दिलेली दुरुस्ती) किती दिला, बोअर (आतलं भोक) कुठल्या पीसपासून मोठा यायला लागला, हे त्याचं त्यानेच शोधायचं. ते सापडेपर्यंत नापास मालाच्या लाल पेटीत वीसेक पीस पडलेले असतात. मग सुरू होतं, ‘फर्स्टवाल्यांनी घोळ घातला’, ‘सेकंडवाले मोजतच नाहीत’.

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये मी बरीच वर्षं काढली. दोन पाळ्यांमधलं वैर स्वभावामुळे आहे असं मलाही आधी वाटायचं. पण प्रत्येक भांडणाच्या मुळाशी गेलो की ही न झालेली दहा मिनिटांची गाठ सापडायची. म्हणून पाळ्या दहा मिनिटं एकमेकींवर चढवा. बोलणं मशिनजवळच होऊ द्या, केबिनमध्ये नको. लॉगबुकमध्ये तीनच गोष्टी लिहायच्या: शेवटचं माप किती आलं, काय बदललं आणि कशाची शंका आहे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कुणी लिहीत नाही. आणखी एक, त्या दहा मिनिटांचे पैसे द्या. फुकट थांबवून घेतलेला माणूस फक्त सही करून जातो.

त्याहून मोठी चूक म्हणजे चूक सांगायला आलेल्यावर ओरडणं. एकदा आम्ही डिस्पॅचला निघालेला सगळा लॉट परत उघडून रात्रभर एकेक पीस मोजत बसलो. पहाटे कळलं, एका हेल्परला मालातला दोष संध्याकाळीच दिसला होता. का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, मागच्या आठवड्यात त्या पोराला सगळ्यांसमोर बोललात ना, म्हणून गप्प बसलो.” बोललो होतो मी. त्या पोराने पाच पीस खराब झाल्याचं आपणहून सांगितलं होतं.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलांमधल्या औषधं देण्यातल्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता, पण आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त! तिथली माणसं चूक झाली की उघड बोलत होती, हे त्यामागचं कारण. म्हणूनच तुमच्या शॉपच्या रिजेक्शन रजिस्टरात महिनाभर काहीच नसेल, तर खूश होण्याआधी स्क्रॅपची पेटी उलटी करून बघा.

टोयोटाच्या लाइनवर कामगाराला अडचण दिसली की तो दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. दोरी बांधणं सोपं आहे. धावत आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, यावर ती पुन्हा ओढली जाईल की नाही ते ठरतं. मी आता “बरं झालं सांगितलंस, कुठल्या पीसपासून?” एवढंच विचारतो. कुणी केलं, हे नंतर, आणि एकट्याला बाजूला घेऊन.

उत्पादन वाढलं पण लाइनवर कुरबुर वाढली, असं होत असेल तर इन्सेंटिव्ह कशावर देता ते तपासा. प्रत्येक मशिनचे नग मोजले की टर्निंगवाला (लेथवरचा) आकडा गाठतो आणि मापापेक्षा बारीक झालेले पीस पुढच्या ड्रिलिंगवाल्याच्या गळ्यात मारतो. त्याऐवजी सेलमधून, म्हणजे एकापाठोपाठ काम करणाऱ्या मशिनच्या गटातून, बाहेर पडलेले चांगले नग मोजा. मात्र सेल चार-पाच जणांचाच ठेवा. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या निम्म्यावर आला होता. पंधरा जणांच्या बोनसमध्ये ‘मी नाही केलं तरी चालेल’ हा हिशेब होणारच.

कंत्राटी पोरांना सकाळच्या मीटिंगमधून वगळणं ही चूक तर सर्रास दिसते. लाइनवर निम्मी माणसं तीच असतात, कुणी लातूर-बीडचं, कुणी बिहार-ओडिशाचं. त्यांना ‘ए कॉन्ट्रॅक्ट’ म्हणून हाक मारायची आणि त्यांनीच दोष पकडावा अशी अपेक्षा धरायची, हे चालणार नाही. नावाने हाक मारा, मीटिंगमध्ये पुढे उभं करा, लागेल तिथे हिंदीत बोला.

वर्षातून एकदा लोणावळ्याला सहल जरूर काढा, माणसं खूश होतात. फक्त दोन पाळ्यांचं तुटलेलं बोलणं तिने जुळत नाही. त्यासाठी उद्या दुपारी तीनला सगळ्यात जास्त रिजेक्शन देणाऱ्या मशिनजवळ जाऊन उभे राहा आणि जाणारा येणाऱ्याला काय सांगतो ते ऐका.