ट्रेन सिम्युलेटरमध्ये अ‍ॅड-ऑन टाकताय? या चुका टाळा

"नवा रूट टाकला आणि गेमच उघडत नाहीये." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं विचारावंही लागत नाही. झिप उघडली, सगळं उचलून गेमच्या फोल्डरवर ओतलं, जुन्या फाइल्स बदलू का विचारल्यावर डोळे मिटून 'हो' दाबलं. झालं!

हे 'हो' सगळ्यात महाग पडतं ते २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये. ओपन रेल्स हे फुकट सॉफ्टवेअर तेच जुने रूट चालवतं, त्यामुळे तिथेही सुटका नाही. ग्लोबल फोल्डरमध्ये टीसेक्शन.डॅट नावाची एक फाइल असते. रुळाचा प्रत्येक तुकडा किती लांब, किती वळणाचा, याची ती वही. वही एकच, आणि फोल्डरमधले सगळे रूट तीच वाचतात. नव्या आवृत्तीत तुकड्यांची भर पडत जाते, म्हणून नवी वही जुन्या रूटला चालते, जुनी वही नव्या रूटला नाही.

मी एकदा एक जुना फुकट रूट घेतला. त्याच्या इन्स्टॉलरने न विचारता स्वतःची जुनीपुराणी टीसेक्शन माझ्या फाइलवर बसवली. तो रूट झकास चालला. चार दिवसांनी दुसरा उघडला, तर लोड होतानाच आपटला. तिसराही तसाच. मी दोष दिला ग्राफिक्स कार्डाला. ड्रायव्हर बदलला, मग गेम काढून पुन्हा टाकला, आणि त्या भरात हाताने बनवलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीही (गाडी चालवायच्या आखलेल्या फेऱ्या) उडवल्या. दोन रात्री गेल्यावर फाइलची तारीख पाहायचं सुचलं. नवी टीसेक्शन टाकायला अर्धं मिनिट लागलं.

तेव्हापासून त्या फाइलची एक प्रत नावात तारीख घालून वेगळी ठेवतो आणि प्रत्येक इन्स्टॉलनंतर मूळ जागी कोण बसलंय ते बघतो. ओपन रेल्स असेल तर आणखी सोपं: ग्लोबल, रूट्स, साउंड, ट्रेन्स असा पूर्ण संच प्रत्येक रूटसाठी वेगळ्या फोल्डरात ठेवायचा आणि ऑप्शन्समधल्या कंटेंट यादीत जोडायचा. डिस्कवर जागा जास्त जाते. जाऊ दे.

दुसरं माझं दुखणं म्हणजे रीडमी न वाचणं. ट्रेन सिम्युलेटर क्लासिक या दुसऱ्या गेमचा फुकट सिनारिओ (आखलेली फेरी) क्वचितच खरा फुकट असतो. त्यातली मालगाडी एका विकतच्या पॅकमधली, बाजूच्या रुळावर उभे डबे दुसऱ्यातले. यादी रीडमीत लिहिलेली असते, पण वाचणार कोण? ट्रेन्झ हा आणखी एक गेम खेळणारेही तसेच. लोकोला लागणारा एखादा भाग, ज्याला तिथे कुइड हा ओळखक्रमांक असतो, गायब असला की 'लोको खराब आहे' म्हणून मोकळे. लोकांनी रात्री जागून मॉडेल बनवून फुकट वाटायचं आणि आपण दोन पानंही वाचायची नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

बाकीच्या थोडक्यात. ट्रेन सिम्युलेटर क्लासिकची आरडब्ल्यूपी फाइल (अ‍ॅड-ऑनचं गाठोडं) हाताने उलगडू नका, त्याच गेमच्या युटिलिटीजमधल्या पॅकेज मॅनेजरला द्या. बदल केला तरी जुनंच दिसतंय? कॅश साफ करा. स्टीमवर फाइल्स तपासायला लावल्या की तुम्ही बदललेल्या मूळ फाइल्स पूर्ववत होतात, आधी प्रत काढा. मायक्रोसॉफ्टच्या गेममधली इंजिनाची ईएनजी फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर सेव्ह करताना एन्कोडिंग युनिकोडच ठेवा. सेलमध्ये एकदम दहा रूट घेऊ नका, एक तरी नीट चालवा. आणि मदत मागताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. ओपन रेल्स डेस्कटॉपवर लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद ठेवतं, तो जोडा. मी लॉग नसलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. उद्धट म्हणा हवं तर.

टीसेक्शनच्या त्या दोन रात्रींनंतर सेटल–कार्लाइल हा इंग्लंडमधला रूट उघडला. वाफेचं इंजिन, चढ, रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल आणि जोडावरून जाणाऱ्या चाकांचा ठेका. इतका रमलो की पुढचा लाल सिग्नल सरळ ओलांडला.