वर्गातलं लेक्चर रेकॉर्ड कसं करावं: आधी आवाज, मग फळा, शेवटी चेहरा

जुलैत ठाण्यात एखादा दिवस हमखास असा उजाडतो की साडेसातच्या लेक्चरला वर्गात जेमतेम अकरा डोकी असतात. बाकीचे आसनगाव, टिटवाळा, बदलापूरच्या फलाटांवर उभे, नाहीतर ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली म्हणून ऐरोलीला अडकलेले. ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "सर, आज काय घेणार?" मी अकाउंट्स शिकवतो. पीसमील डिस्ट्रिब्यूशनचा, म्हणजे भागीदारी मोडताना पैसे जसे येतील तसे वाटण्याच्या हिशेबाचा, एक दिवस बुडाला की पुढचे चार दिवस मुलं फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतात, कळत काही नाही. म्हणून मी लेक्चर रेकॉर्ड करायला लागलो.

पहिल्या दिवशी मोबाइल शेवटच्या बाकावर, वह्यांच्या ढिगाला टेकवून ठेवला. घरी येऊन ऐकलं तर ४८ मिनिटं पंखा. मधूनमधून खालच्या स्टँडवरच्या रिक्षांचे हॉर्न, आणि पंख्याच्या मागे कुठेतरी मी. चित्र मात्र सुरेख आलं होतं! तेव्हापासून शीर्षकातला क्रम मी मोडलेला नाही. हातात हजार-दोन हजार रुपये असतील तर ते माइकवर घालवा, कॅमेऱ्यावर नको. चित्र अंधूक असलेलं लेक्चर मुलं ऐकतात, आवाज खराब असलेलं दोन मिनिटांत बंद करतात.

पहिली पायरी: माइक तोंडाजवळ आणा

शेवटच्या बाकावरचा फोन माझ्यापासून पंचवीसेक फुटांवर होता आणि पंखा त्याच्या डोक्यावर आठ फुटांवर. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. त्यामुळे फोन कितीही महागडा असला तरी पंखाच जिंकणार. यावर उपाय एकच, कॉलर माइक. हनुवटीच्या खाली एक वीत अंतरावर, शर्टाच्या पट्टीला लावायचा. फार वर लावला तर मान खाली घातल्यावर आवाज घुसमटतो. आमच्या विभागातल्या एका मॅडमच्या रेकॉर्डिंगमध्ये दर दोन वाक्यांनी टिक-टिक यायची. बराच वेळ शोधल्यावर कळलं की मंगळसूत्र माइकवर आपटत होतं. आता त्या माइक पदराच्या पिनेजवळ, खांद्याच्या बाजूला लावतात.

वायरलेस माइक सोयीचा. परवडत नसेल तर वायरचा साधा कॉलर माइक घ्या, तो जुन्या फोनला जोडा, फोनवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि फोन खिशात टाका. चित्र दुसऱ्या फोनवर घ्या. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवली की नंतर एडिटिंग करताना दोन्ही फायली त्या टाळीवर जुळवता येतात. सिनेमावाले क्लॅप मारतात तोच प्रकार. वर्ग पहिल्यांदा हसतो, मग सवय होते.

दोन्ही फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन रंगात आलेलं लेक्चर लोनच्या फोनने तोडलेलं मी अनुभवलंय.

आवाजाची पातळी दाखवणारं ॲप असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. कमी असलेला थोडाफार वाढवता येतो.

चाचणी एकच मिनिटाची, पण भरलेल्या वर्गात, पंखे चालू ठेवून करा. रिकाम्या वर्गात भिंती घुमतात, पोरं बसली की घुमणं कमी होतं. इअरफोन लावून ऐका. फळ्याजवळचा एकच पंखा बंद केला तरी फरक जाणवतो. मे महिन्यात तेवढंही शक्य नसतं, तेव्हा माइकवर फोमची टोपी घाला.

आता यातली सर्वांत कठीण गोष्ट, आणि तिला पैसे लागत नाहीत. तिसऱ्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, एक्सेस कॅपिटल काढताना सगळ्यात लहान युनिटच का धरायचं?" (युनिट म्हणजे पार्टनरचं भांडवल भागिले त्याचा नफ्यातला वाटा.) कॉलर माइकला हा प्रश्न ऐकू येत नाही. घरी ऐकणाऱ्याला आधी शांतता आणि मग एकदम माझं, "कारण त्या पार्टनरचं भांडवल त्याच्या वाट्याच्या मानाने सगळ्यात कमी आहे." कशाचं कारण? म्हणून उत्तर देण्याआधी प्रश्न स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणायचा. मला ही सवय लागायला एक अख्खं सेमिस्टर गेलं. वर्गातल्या मागच्या बाकांनाही प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आला, हा फायदा वेगळा.

दुसरी पायरी: फळा वाचता आला पाहिजे

फोन आडवा, ट्रायपॉडवर, फळ्याच्या मध्याच्या उंचीवर. फ्रेममध्ये फळाच भरू द्या; छत आणि फळ्यावर लावलेली थोरांची चित्रं नकोत. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. तसं केलं नाही तर पांढरा शर्ट घालून तुम्ही आडवे आलात की फळा काळवंडतो.

रेकॉर्डिंगमध्ये पट्टे सरकताना दिसतात ते ट्यूबलाइटमुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा, किंवा प्रो मोडमध्ये शटर १/५० अथवा १/१०० ठेवा. पट्टे जातात.

व्हाइटबोर्डवर खिडकीची चमक पडते, तेव्हा त्या बाजूचा पडदा ओढा. मार्कर काळा किंवा निळा वापरा. लाल रंग वर्गात उठून दिसतो, मोबाइलवर फिका पडतो. माझ्या मते हिरवा फळा आणि पांढरा खडू यांना अजून तोड नाही.

अकाउंट्सवाल्यांना आणखी एक दुखणं असतं. सात रकान्यांचं स्टेटमेंट फळ्यावर मांडलं की आकडे बारीक होतात आणि ३ चा ८ दिसतो. परीक्षेत मुलाने ३०,००० ऐवजी ८०,००० घेतले तर दोष कोणाला द्यायचा? मी आता फळा मधोमध रेघ मारून दोन भागांत विभागतो आणि एका वेळी चारच रकाने लिहितो. पुसण्याआधी बाजूला सरकून मनात पाचपर्यंत मोजतो, म्हणजे घरी बघणाऱ्याला पॉज करून स्क्रीनशॉट घेता येतो. कसोटी साधी आहे: रेकॉर्डिंग फोनवर लावा, हात लांब करा आणि सर्वांत खालची ओळ वाचा. तुमचा विद्यार्थी कल्याण लोकलच्या दारात उभा राहून हेच करणार आहे.

स्लाइड असतील तर

मग कॅमेरा लागतच नाही. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ टाका, ते स्क्रीनच रेकॉर्ड करतं. २०१२ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. सोर्समध्ये डिस्प्ले कॅप्चर निवडा, ऑडिओमध्ये कॉलर माइक निवडा आणि स्टार्ट रेकॉर्डिंग दाबा. एकच गोष्ट विसरू नका: रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपीफोरमध्ये रेकॉर्ड करताना लॅपटॉप मधेच बंद पडला तर बहुधा अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये तोवरचं सगळं वाचतं. नंतर त्याच सॉफ्टवेअरमधल्या रीमक्सने मिनिटभरात एमपीफोर करून मिळतं. आमच्या मजल्यावरची लाइट गेली आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप बंद पडला, त्या दिवशी मला हे कळलं.

हाताने लिहायचं असेल तर पेन टॅबलेट घ्या, किंवा स्टँडवर फोन उलटा टांगून खाली कोरा कागद ठेवा. गणितवाल्यांना कागदच आवडतो.

मोठ्या यंत्रणेचं काय?

यूजीसीचे कार्यक्रम दूरदर्शनवर १९८४ साली सुरू झाले, तेव्हा त्याला स्टुडिओ लागायचा. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलने अभियांत्रिकीची अख्खी लेक्चरं मोफत खुली केली, आणि घोडबंदर रोडवरून तासाभरात पोहोचता येईल अशा पवईच्या आयआयटीतली लेक्चरंही त्यात आहेत. २०१७ मध्ये स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. कॉलेजकडे पैसे असतील तर छतात माइक, मागच्या भिंतीवर कॅमेरा आणि वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालू-बंद होणारी यंत्रणा बसवता येते. ती चालवायला ओपनकास्टसारखं मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही आहे. फक्त शिक्षकाच्या मागे फिरणारा कॅमेरा घेऊ नका. तो माझ्या मागे दारापर्यंत येतो आणि स्टेटमेंट तिकडे फळ्यावर एकटं पडतं.

तिसरी पायरी: फाइल बारीक करा

माझा फोन ४८ मिनिटांच्या लेक्चरची पाच-सहा जीबीची फाइल करतो. दिवसाला दीड-दोन जीबी डेटा असलेल्या मुलाने ती उतरवायची कशी? हिशेब सोपा आहे: बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा लागतो ते, आणि १ एमबीपीएस बिटरेटला तासाला ४५० एमबी लागतात. स्लाइड आणि आवाज एवढंच असेल तर ७२० रेझोल्यूशन आणि ५०० केबीपीएस पुरतं, म्हणजे ४८ मिनिटांचे साधारण १८० एमबी. फळा आणि हालता माणूस असेल तर १ एमबीपीएस धरा, ३६० एमबी. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर हे काम रात्रीत करून ठेवतं.

सोबत फक्त आवाजाची फाइलही काढा. ६४ केबीपीएसला ती २३ एमबीत बसते. थिअरीच्या लेक्चरला चित्राची गरज नसतेच, आणि ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये एक लेक्चर ऐकून होतं.

चौथी पायरी: मुलांपर्यंत पोहोचवा

कॉलेजचं मूडल (अभ्यासाचं साहित्य ठेवायची वेबसाइट) असेल तर लिंक तिथे द्या. नसेल तर यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसतं. मोबाइल नंबरने खातं पडताळून घ्या, नाहीतर पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. ड्राइव्हवर मोफत १५ जीबी मिळतात, पण त्यात तुमचं ईमेलही मोजलं जातं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा; व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबून टाकतं आणि पुन्हा ३ चा ८ होतो.

सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे वर्णनात वेळा लिहिणं. पहिली ओळ ०:०० पासून, निदान तीन वेळा आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांहून मोठा असला की यूट्यूब आपोआप भाग पाडतं: "०:०० उजळणी, ६:१० युनिट काढणे, २१:४० दुसरं उदाहरण". एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांमधल्या ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ सर्वांत जास्त पाहिले गेल्याचं दिसलं. आपल्याला वर्गातलं लेक्चर तुकड्यांत देता येत नाही, निदान तुकडे दाखवून तरी देता येतात.

परवानगी

प्राचार्यांना लेखी विचारा आणि वर्गाला पहिल्याच दिवशी सांगा. कॅमेरा फळ्याकडे, मुलांच्या चेहऱ्यांकडे नाही. एफवायच्या वर्गात काही जण १८ पूर्ण नसतात आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये १८ खालचा प्रत्येक जण बालक आहे. एखाद्याचं नाव-गाव आवाजात आलं असेल तर तेवढा तुकडा कापा. पाठ्यपुस्तकाची पानंच्या पानं स्क्रीनवर धरून जाहीर चॅनेलवर टाकू नका.

हे सगळं जमूनही मी दोनदा रेकॉर्डिंगचं बटण दाबायलाच विसरलो. आता पहिल्या बाकावरची एक मुलगी हजेरी संपली की हात वर करते, "सर, लाल दिवा?" मी मागे वळून फोनकडे बघतो, टाळी वाजवतो आणि फळ्यावर तारीख घालतो.