कार्डावर तारीख टाकली का?

मावशीचा पोरगा ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला निघाला. परवा शंकरनगर चौकात चहा पिताना म्हणे, "दादा, तुम्ही तिकडे इलेक्शन लढले होते ना? बॅनर-गिनर लावता येते का तिथं?"

ते इलेक्शन नाही बाप्पा. तिथं जीएस निवडायचा नसतो. कॉलेजच्या मेसमध्ये, लायब्ररीत, लॅबमध्ये पगारावर राबणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न असतो: तुमच्या वतीनं युनियननं बोलणी करावी का? हो की नाही.

पहिले कॉलेज खाजगी की सरकारी, ते पाहा. खाजगी असेल तर असं मतदान घ्या म्हणून अर्ज एनएलआरबी या केंद्रीय कामगार मंडळाकडे जातो. सरकारी असेल तर त्या राज्याचा कायदा चालतो, आणि काही राज्यांत असा हक्कच नाही. मंडळाचं मतही फिरत राहते. शिकवणाऱ्या-संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना कामगार मानायचं का, यावर २००० मध्ये हो, २००४ मध्ये नाही, २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात पुन्हा हो. ग्रिनेल कॉलेजच्या पोरांनी तर २०१८ मध्ये, मंडळ उलटा निकाल देईल या भीतीनं, आपला अर्ज स्वतःच मागे घेतला. तेव्हा अर्ज टाकायच्या आधी वकिलाला विचारा. मोठ्या युनियनकडे वकील असतात.

आता खरं काम. घोषणा नाही, यादी.

मी मेसच्या भांडी धुवायच्या खोलीत होतो. वाफेनं चष्मा आंधळा, बेल्टवरून ट्रे येतच राहायचे, आणि उद्याची शिफ्ट रद्द झाल्याचा मेसेज रात्री ११ वाजता यायचा. एक दोनशे पानी वही केली: नाव, कोणती शिफ्ट, कोणाशी दोस्ती, आणि मे महिन्यात पास होऊन कोण जाणार. हा शेवटचा रकाना विसरू नका. मी विसरलो होतो. सीनियरांची कार्डं, म्हणजे 'मला युनियन पाहिजे' असं लिहून सही केलेले कागद, मोठ्या हौशीनं जमवली आणि उन्हाळ्यानंतर मोजतो तर तिसरा हिस्सा गायब.

मंडळानं मतदान घ्यावं यासाठी अर्जासोबत किमान ३० टक्के कामगारांच्या सह्या लागतात. ३० वर थांबू नका, ६०-७० पर्यंत जा. अर्ज पडला की कॉलेजही समजवायला लागते आणि कच्चे गडी गळतात. एकेकट्याला गाठा. आधी त्याचं गाऱ्हाणं पूर्ण ऐका, कार्ड शेवटी काढा. सही करताना तारीख त्याच्याच हातानं टाकून घ्या. माझी चौदा कार्डं बिनतारखेची निघाली, चौदा जणांना परत शोधत फिरलो. हौ, लाज वाटते. कार्डं मंडळाकडे जातात, कॉलेजला दाखवत नाहीत, हे प्रत्येकाला सांगा. आपल्या पोरांना व्हिसाची धास्ती असते. व्हिसावर असलात तरी कामगार म्हणून हा हक्क तुम्हालाही आहे. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा मात्र पाळा, तिथं कोणाला बोट ठेवायला जागा देऊ नका.

मतदान गुप्त असते, परीक्षेच्या आठवड्यात येऊ देऊ नका. डार्टमाउथ कॉलेजच्या मेसमधल्या पोरांनी २०२२ मध्ये ५२ विरुद्ध ० नं जिंकलं, पण असं रोज होत नाही.

"आणि शंभरातले दहाच आले तर?" पोरगा विचारते.

झालेल्या मतांतलं बहुमत मोजतात. सहा हो म्हणाले, झालं.