गर्भपातावरच्या अमेरिकी निकालाची बातमी कशी वाचायची

अमेरिकेतल्या एखाद्या कोर्टाने गर्भपाताबद्दल काही आदेश दिला की मथळे ठरलेले असतात: ‘बंदी उठली’ नाहीतर ‘बंदी कायम’. पुष्कळदा कोर्टाने गर्भपाताच्या हक्काबद्दल काहीच ठरवलेलं नसतं. म्हणून मत बनवण्याआधी तीन गोष्टी शोधा: कोर्ट कुठलं, खटला कुठल्या टप्प्यावर आहे आणि कोर्टाने नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

तिथे न्यायालयांच्या दोन उतरंडी आहेत. एक संघराज्याची: जिल्हा कोर्ट, सर्किट अपील कोर्ट आणि वर सुप्रीम कोर्ट. दुसरी प्रत्येक राज्याची आपापली. राज्याच्या घटनेचा अर्थ लावताना त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द शेवटचा. संघराज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालाने गर्भपाताचा हक्क मानणारे १९७३ चा रो आणि १९९२ चा केसी हे त्याचेच दोन्ही निकाल मोडीत काढले. संघराज्याच्या घटनेत गर्भपाताचा हक्क नाही, असं सांगितलं. देशभर बंदी मात्र घातली नाही, निर्णय राज्यांवर सोपवला. कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच राज्याच्या घटनेत हा हक्क आहे असं म्हटलं होतं. डॉब्सने त्याला धक्का लागला नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मतदारांनी तो हक्क काढणारी घटनादुरुस्तीही फेटाळली. बातमीत नुसतंच ‘सुप्रीम कोर्ट’ लिहिलेलं असेल तर कुठल्या राज्याचं की संघराज्याचं, हे आधी बघा.

टप्प्याचा घोळ सगळ्यात जास्त होतो. तात्पुरता मनाई हुकूम काही दिवसांचा असतो, अंतरिम मनाई खटला चालेपर्यंत टिकते, आणि वरच्या कोर्टाची स्थगिती म्हणजे खालचा आदेश तूर्त लागू नाही. यातलं काहीही अंतिम निकाल नव्हे. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीचा खटला यासाठी नमुन्यादाखल घ्या. ७ एप्रिल २०२३ ला टेक्सासमधल्या अमरिलोच्या एका संघीय न्यायाधीशांनी एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संघराज्याच्या खात्याने, २००० साली दिलेली मंजुरी स्थगित केली, पण आपलाच आदेश सात दिवस थांबवून धरला. अपील कोर्टाने त्यातला काही भाग ठेवला. २१ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने अपील निकाली लागेपर्यंत सगळंच जैसे थे ठेवलं. दोन आठवडे मथळे उलटसुलट फिरले, गोळी मात्र बाजारात होती तशीच राहिली.

तोच खटला १३ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टात एकमताने संपला. ‘गोळी कायदेशीर ठरली’ असा त्याचा अर्थ लावाल तर फसाल. फिर्यादी डॉक्टर आणि त्यांच्या संघटनांना लोकस स्टँडी नाही, म्हणजे त्यांचं स्वतःचं असं नुकसान झालेलं नसल्याने त्यांना दाद मागता येत नाही, एवढंच कोर्टाने ठरवलं. एफडीए बरोबर की चूक, हा विषय उघडलाच नाही. वादही तिथे मिटला नाही: मिझुरी, आयडाहो आणि कॅन्सस ही राज्यं तोवर त्यात उतरलेली होती. मूळ प्रश्न न उघडण्याचं दुसरं उदाहरण विस्कॉन्सिन राज्याचं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४-३ अशा मतांनी १८४९ चा गर्भपातबंदीचा कायदा निष्प्रभ ठरवला तो नंतरच्या कायद्यांनी त्याची जागा घेतली म्हणून. राज्याच्या घटनेत हक्क आहे की नाही, यावर निर्णय दिला नाही.

आता मूळ निकालपत्र. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. मोठे निकाल बहुधा जूनअखेरीस येतात. डॉब्सची दोनशेहून जास्त पानं आहेत, पण पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. सुरुवातीचा सारांश, म्हणजे सिलॅबस, वाचायला सोपा असतो, पण तो निकालाचा भाग नाही, असं त्याच्याच डोक्यावर छापलेलं असतं. त्याच्या शेवटी कोण कोणाच्या मतात सामील झालं, ती यादी असते. तिच्यावर पाच मिनिटं घालवा. डॉब्स ६-३ की ५-४? दोन्ही. १५ आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारा मिसिसिपी राज्याचा कायदा सहा जणांनी उचलून धरला, पण रो रद्द करायला पाचच तयार होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी फक्त निष्कर्षाला दुजोरा दिला. त्यानंतर बहुमताच्या मतपत्राचं शेवटचं पान उघडा. हुकूम तिथे असतो. ‘रिमांड’ दिसलं तर खटला खालच्या कोर्टात परत गेला, असं समजा.

सहमतीची स्वतंत्र मतं हा कायदा नसतो. गर्भनिरोधक आणि समलिंगी विवाहावरचे निकालही तपासावेत, असं डॉब्समध्ये न्यायाधीश थॉमस यांनी लिहिलं ते एकट्याने. न्यायाधीश कॅव्हॅनॉ यांचं मतही एकट्याचंच, पण ते जास्त लक्ष देऊन वाचावं: पाचावं मत त्यांच्याशिवाय जुळत नव्हतं, आणि गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जाण्यापासून कुणाला रोखता येणार नाही, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे.

आठवड्यांच्या आकड्यात एक खाच आहे. गर्भाचं वय सहसा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ‘सहा आठवडे’ होतात तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, तेही पाळी नियमित असेल तर.

राजकारण वेगळ्या खात्यात ठेवा, पण सोडू नका. अनेक राज्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मतदार निवडून देतात. विस्कॉन्सिनमधलं बहुमत २०२३ च्या अशाच निवडणुकीने पालटलं होतं. सार्वमताच्या वेळी टक्केवारीइतकीच अटही बघा. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये हक्काच्या बाजूने सुमारे ५७ टक्के मतं पडली, तरी घटनादुरुस्ती नामंजूर झाली, कारण तिथे ६० टक्के लागतात. सहा आठवड्यांनंतरची बंदी तशीच राहिली.